बाळाची सेंट्रल लाइन: टोक कुठे आहे, आणि ती अजून हवी आहे का?

नवजात अतिदक्षता विभागात नव्यानं रुजू झालेल्या डॉक्टरांचा सगळा जीव सेंट्रल लाइन, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी बारीक नळी, टाकण्यात गुंतलेला असतो. ते साहजिकच आहे. पण लाइन टाकायला अर्धा-पाऊण तास लागतो आणि ती बाळाच्या अंगात राहते आठ-दहा दिवस. टोक सरकणं, जंतू शिरणं, हृदयाभोवती पाणी साचणं हे सगळं त्या आठ-दहा दिवसांत घडतं, आणि कित्येकदा लाइन टाकणारा माणूस तेव्हा ड्युटीवर नसतो. म्हणून इथे लाइन टाकण्याइतकीच जागा नंतरच्या देखभालीला दिली आहे. लेख निवासी डॉक्टर आणि सिस्टर दोघांसाठी आहे. तुमच्या विभागाचा लेखी प्रोटोकॉल काही बाबतींत वेगळा असेल तर तोच पाळा, आणि पहिल्या काही लाइन अनुभवी हाताच्या देखरेखीखालीच टाका.

आधी गरज ठरवा

हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत रक्ताचा प्रवाह एवढा असतो की तीव्र द्रावणही तिथे लगेच पातळ होतं. हातापायाच्या बारीक शिरेत ते होत नाही. 12.5 टक्क्यांहून जास्त डेक्स्ट्रोज, कॅल्शियम, डोपामिन किंवा ॲड्रेनलिन तिथून सोडलं तर शीर सुजते, औषध बाहेर झिरपतं आणि कातडी काळी पडून झडू शकते. त्यामुळे अगदी कमी दिवसांचं बाळ, बरेच दिवस टीपीएन (शिरेतून दिलं जाणारं पूर्ण पोषण) लागेल असं बाळ, रक्तदाब वाढवणाऱ्या औषधांवरचं बाळ, आतड्याच्या शस्त्रक्रियेतून आलेलं बाळ, यांना सेंट्रल लाइन लागते. दोन दिवस अँटिबायोटिक द्यायची आहेत आणि हाताला शीर सापडत नाही, एवढ्या कारणासाठी ती टाकू नये.

जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत नाळेची शीर उघडी असते, म्हणून सुरुवात यूव्हीसीनं, म्हणजे नाळेच्या शिरेतून टाकलेल्या लाइननं होते. ती साधारण पाच ते सात दिवसांत काढायची असते. टीपीएन त्यापुढेही चालणार असेल तर चौथ्या-पाचव्या दिवशीच पिक लाइनची, म्हणजे हाताच्या किंवा पायाच्या शिरेतून हृदयाजवळ नेलेल्या लाइनची तयारी करा. सातव्या दिवशी संध्याकाळी घाईगर्दीत टाकलेल्या पिक लाइनला स्वच्छता राखणं अवघड जातं.

यूव्हीसी: नाळेतून लाइन

नळीचा आकार: दीड किलोच्या आतल्या बाळाला 3.5 फ्रेंच (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप), त्यावरच्याला 5 फ्रेंच. लांबी काढायचं सर्वांत जास्त वापरलं जाणारं सूत्र असं: किलोतल्या वजनाला 3 नं गुणा, 9 मिळवा, त्याचं अर्धं करा, वर 1 मिळवा. उत्तर सेंटिमीटरमध्ये येतं. बाळ 1100 ग्रॅमचं असेल तर 3.3 अधिक 9 म्हणजे 12.3, त्याचं अर्धं 6.15, अधिक 1, म्हणजे सुमारे 7 सेंटिमीटर. यात नाळेच्या उरलेल्या तुकड्याची उंची वेगळी मिळवावी लागते. तुकडा दीड सेंटिमीटरचा असेल तर नळीवरची खूण साडेआठच्या आसपास यायला हवी. नवखे लोक हा तुकडा हमखास विसरतात आणि मग टोक यकृतात राहतं. उलट, फारच कमी वजनाच्या बाळात हे सूत्र टोक जरा खोल नेतं, म्हणून काही विभागांत शेवटचा 1 मिळवत नाहीत. सूत्र म्हणजे अंदाज. खरी जागा एक्स-रे किंवा सोनोग्राफीच सांगते.

1. बाळ वॉर्मरखाली, तापमानाचा प्रोब लावलेला, मॉनिटर दिसेल असा. पाय सैलसर बांधा. सगळं सामान ट्रेमध्ये काढून झाल्यावरच हात धुवायला जा.

2. टोपी, मास्क, साबण-पाण्यानं 40 ते 60 सेकंद हात धुणं, निर्जंतुक गाऊन आणि हातमोजे. समोर एक माणूस फक्त निरीक्षणाला हवा, आणि चूक दिसली तर ‘थांबा’ म्हणायचा त्याला पूर्ण अधिकार हवा, मग लाइन टाकणारा कितीही वरिष्ठ असो.

3. नळीत सलाईन भरून थ्री-वे (तीन तोंडांची चावी) बंद करा. नळीत हवेचा एकही बुडबुडा नको. बाळाच्या हृदयातला अलिंदांमधला (वरच्या दोन कप्प्यांमधला) मार्ग उघडा असतो, त्यामुळे शिरेतली हवा तिथून थेट मेंदूच्या रक्तवाहिन्यांत पोचू शकते.

4. नाळ आणि भोवतीची कातडी स्वच्छ करा. कमी दिवसांच्या बाळाची कातडी ओल्या टिश्यू पेपरसारखी असते. स्पिरिटमधलं क्लोरहेक्सिडिन ओघळून पाठीखाली साचलं तर तिथे भाजल्यासारखी जखम होते. द्रावण कमीत कमी घ्या, पाठीखाली ओलं झालेलं कापड लगेच काढा आणि सुकू द्या. पोव्हिडोन आयोडीन वापरलं असेल तर सुकल्यावर निर्जंतुक पाण्यानं पुसून काढा, नाहीतर ते कातडीतून शोषलं जाऊन थायरॉइडवर परिणाम करतं.

5. नाळेच्या बुडाशी सुती फीत सैल बांधा आणि कातडीच्या वर एक-दीड सेंटिमीटरवर नाळ सरळ, एका फटक्यात कापा. आता कापलेला भाग नीट बघा. दोन छोट्या, पांढऱ्या, जाड भिंतीच्या, टाचणीच्या डोक्याएवढ्या उंचवट्यासारख्या दिसतात त्या धमन्या. एक मोठी, पातळ भिंतीची, ढिली उघडलेली असते ती शीर, बहुधा घड्याळातल्या बाराच्या जागी. हे ओळखण्यात चूक झाली तर पुढचं सगळं चुकतं, म्हणून इथे वेळ घ्या.

6. शिरेच्या तोंडाशी रक्ताची गुठळी दिसली तर चिमट्यानं अलगद काढा. आत ढकलू नका. नळी डोक्याच्या दिशेनं हलक्या हातानं सरकवा. चार-पाच सेंटिमीटरवर रक्त सहज परत यायला हवं.

7. अडथळा लागला तर जोर लावू नका. नळी यकृतातल्या पोर्टल शिरेकडे वळलेली असते. दोन सेंटिमीटर मागे घ्या, थोडी फिरवा, पुन्हा पुढे न्या. तरीही तिकडेच जात असेल तर पहिली तिथेच ठेवून त्याच शिरेतून दुसरी नळी सरकवण्याची युक्ती पुष्कळदा कामी येते. दुसरी जागेवर बसली की पहिली काढा.

8. टाका नाळेच्या जेलीत घ्या, पोटाच्या कातडीत नको. वर चिकटपट्टीची ‘गोलपोस्ट’ करून नळी अडकवा. नळीवरची सेंटिमीटरची खूण लगेच कागदावर लिहा.

निर्जंतुक कापड काढल्यानंतर नळी मागे घेता येते, पुढे कधीही सरकवायची नाही. म्हणून शंका असेल तर अर्धा सेंटिमीटर जास्तच घाला आणि एक्स-रे पाहून मागे घ्या.

लेबर रूममध्ये पुनरुज्जीवन चालू असताना टाकायच्या यूव्हीसीचा हिशेब वेगळा आहे. तिथे नळी फक्त 2 ते 4 सेंटिमीटर, रक्त परत येईपर्यंतच घालायची, ॲड्रेनलिन आणि सलाईन द्यायचं. बाळ विभागात स्थिरावलं की ती काढून नीट स्वच्छतेनं नवी टाकायची. तीच ‘जरा ढकलून’ वापरणं म्हणजे जंतू हातानं आत घालणं.

टोक कुठे असावं

यूव्हीसीचं टोक खालची महाशीर, म्हणजे आयव्हीसी, उजव्या अलिंदात शिरते तिथे, डायाफ्रामच्या (छाती आणि पोटामधल्या पडद्याच्या) रेषेवर किंवा किंचित वर असावं. एक्स-रेवर ते साधारण छातीच्या आठव्या-नवव्या मणक्याशी येतं. मात्र फक्त मणके मोजून समाधान मानू नका. शक्य असेल तिथे सोनोग्राफी किंवा इकोनं (हृदयाच्या सोनोग्राफीनं) टोक प्रत्यक्ष बघा. एक्स-रेवर बरोबर वाटणारी लाइन इकोत डाव्या अलिंदात सापडते, असं घडतं.

एक्स-रेवर नळी मध्यरेषेजवळून सरळ वर जायला हवी. ती उजवीकडे यकृताच्या सावलीत वळली असेल तर त्यातून टीपीएन किंवा रक्तदाबाची औषधं सोडू नका. द्रावण यकृतात साठतं, ऊती मरतात. पोट फुगणं, हिमोग्लोबिन घसरणं, रक्तदाब पडणं ही त्याची उशिरा दिसणारी लक्षणं.

पहिल्या दिवशी टोक बरोबर होतं म्हणून चौथ्या दिवशीही असेल असं धरू नका. नाळ सुकते, पोटाचा घेर बदलतो, आणि टोक आत किंवा बाहेर जातं. बाळाचा दुसऱ्या कारणासाठी एक्स-रे काढला तरी त्यात आधी लाइनचं टोक बघायची सवय लावून घ्या.

पिक लाइन

नळी 1 किंवा 2 फ्रेंचची, सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेनची. हाताला कोपराजवळची बॅसिलिक शीर सर्वांत सोयीची, कारण ती सरळ आणि रुंद असते. सेफॅलिक शीर खांद्याशी वळते, तिथे नळी अडते. पायात घोट्याजवळची किंवा गुडघ्याजवळची सॅफेनस शीर चालते.

मोजमाप असं घ्या: हात शरीराशी काटकोनात ठेवून टोचायच्या जागेपासून शिरेच्या वाटेनं काखेपर्यंत, तिथून छातीच्या हाडाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यापर्यंत, आणि खाली तिसऱ्या बरगडीपर्यंत. पायात टाकायची असेल तर टोचायच्या जागेपासून जांघ, बेंबी आणि छातीच्या हाडाचं खालचं टोक. बाळाला दुपट्यात गुंडाळा, टोचायच्या दोन मिनिटं आधी आईचं दूध किंवा 24 टक्के सुक्रोजचे काही थेंब जिभेवर द्या. शांत बाळाची शीर आकसत नाही.

हातातून नळी पुढे जाताना बाळाची हनुवटी त्याच बाजूच्या खांद्याकडे वळवून ठेवा, म्हणजे नळी मानेत चढत नाही. टूर्निके (शीर फुगवायला बांधलेला पट्टा) सोडल्याशिवाय नळी पुढे जात नाही, आणि घाईत नेमका तोच सोडायचा राहतो. बिनदातांच्या चिमट्यानं दर वेळी अर्धा-एक सेंटिमीटर सरकवा. सुई आत असताना नळी सुईतून मागे ओढू नका. सुईची धार नळी कापते आणि तुकडा हृदयात वाहून जातो. नळी मागे घ्यायचीच असेल तर सुई आणि नळी एकत्र बाहेर काढा.

हातातल्या पिक लाइनचं टोक वरच्या महाशिरेत, म्हणजे एसव्हीसीत हवं आणि हृदयाच्या सावलीच्या बाहेर हवं: कमी दिवसांच्या बाळात निदान 1 सेंटिमीटर, पूर्ण दिवसांच्या बाळात 2. इंग्लंडमध्ये हृदयाभोवती द्रव साचून चार बाळं दगावल्यावर तिथल्या आरोग्य विभागानं 2001 मध्ये चौकशी अहवाल काढला आणि टोक उजव्या अलिंदात ठेवू नये असं स्पष्ट सांगितलं.

एक्स-रे काढताना हात कसा आहे याला फार महत्त्व आहे. बॅसिलिक शिरेतली लाइन हात अंगाशी आणला की आत सरकते, हात लांब नेला की बाहेर येते. सेफॅलिकमध्ये हात अंगाशी आणल्यावर टोक उलट बाहेर येतं. एक-दोन किलोच्या बाळात ही सरक एसव्हीसीतून थेट अलिंदात जाण्याइतकी असू शकते. तेव्हा बाळ एरवी ज्या स्थितीत झोपतं त्याच स्थितीत हात ठेवून एक्स-रे काढा आणि ती स्थिती कागदावर लिहा.

डाव्या पायातून टाकलेली लाइन कधीकधी कण्यालगतच्या शिरेत घुसते. समोरून काढलेल्या एक्स-रेत ती जवळपास बरोबर दिसते. रेषा मध्याच्या फार जवळ वाटली, विचित्र वळण दिसलं किंवा रक्त परत येत नसलं तर बाजूनं एक्स-रे काढाच. त्यातून टीपीएन पाठीच्या कण्यात जाऊ शकतं.

हब, सिरिंज आणि फ्लश

जंतू लाइनमध्ये शिरायचा रोजचा दरवाजा म्हणजे हब, नळीचं सिरिंज जोडायचं बाहेरचं तोंड. दिवसातून किती वेळा तो उघडतो ते एकदा मोजून बघा. प्रत्येक वेळी आधी हात स्वच्छ करा, मग 70 टक्के अल्कोहोलच्या स्वॅबनं हब निदान 15 सेकंद घासा, लिंबू पिळताना मनगट फिरतं तसं फिरवून, आट्यांच्या खाचांतही. मग तो पूर्ण सुकू द्या. ओल्या हबवर सिरिंज लावली तर घासण्याचा अर्धा उपयोग वाया जातो. इनक्युबेटरचं दार उघडं, हातात तीन सिरिंज, बाजूच्या बाळाचा अलार्म वाजतोय, अशा वेळी 15 सेकंद फार लांब वाटतात. म्हणूनच सकाळीच औषधांच्या वेळा एकत्र आणून हब उघडण्याची संख्या कमी करा.

पिक लाइनला 10 मिलीची सिरिंज वापरा. छोट्या सिरिंजमध्ये अंगठ्याच्या त्याच जोरानं कितीतरी जास्त दाब तयार होतो आणि 1 फ्रेंचची नळी फुटते. औषध 0.2 मिली असलं तरी ते 10 मिलीच्या सिरिंजमध्ये पातळ करून द्या.

फ्लशचा, म्हणजे नळी धुवायला सोडलेल्या सलाईनचा हिशेब ठेवा. 700 ग्रॅमच्या बाळाला दिवसभरात 1 मिलीचे दहा फ्लश गेले तर 10 मिली द्रव आणि सुमारे 1.5 मिलिइक्विव्हॅलंट सोडियम गेलं, म्हणजे किलोमागे 2.2. एका बाळाच्या दिवसभराच्या सोडियमच्या गरजेइतकं, आणि ते चार्टवर कुठेच नसतं. फ्लश अर्धा मिलीचा ठेवा आणि चार्टवर चढवा.

डोपामिन किंवा ॲड्रेनलिन चालू असलेल्या नळीला कधीही फ्लश मारू नका. आत भरलेलं औषध एकदम हृदयात जातं. त्याच नळीतून अँटिबायोटिकही नको. एकत्र चालू नयेत अशा जोड्या तोंडपाठ हव्यात: कॅल्शियम आणि सोडाबायकार्ब, कॅल्शियम आणि फॉस्फेट जास्त प्रमाणात, कॅल्शियम आणि सेफ्ट्रायॅक्सोन. शेवटची जोडी नवजात बाळात पूर्ण वर्ज्य आहे.

बारीक पिक लाइनमधून रक्त काढू नका, रक्त चढवूही नका. प्रवाह ताशी 0.5 ते 1 मिलीच्या खाली गेला तर ती तुंबते. विभागाचं धोरण असेल तर द्रावणात मिलीमागे अर्धा युनिट हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) घाला. मिसळताना दोघांनी मिळून कुपीवरची तीव्रता मोठ्यानं वाचा, कारण 1000 आणि 5000 युनिटच्या कुप्या दिसायला सारख्या असतात. पंपाचा अलार्म वाजला तर दाबाची मर्यादा वाढवून तो गप्प करू नका. क्लॅम्प, नळीची घडी, बाळाचा दुमडलेला कोपर, या क्रमानं बघा.

लिपिडची (शिरेतून द्यायच्या स्निग्ध द्रावणाची) नळी दर 24 तासांनी बदला. ड्रेसिंग पारदर्शक असावं, आणि ते निघालं, ओलं झालं किंवा मळलं तरच बदला, कारण दर बदलात नळी सरकते आणि नाजूक कातडी सोलली जाते. पहिल्या आठवड्यात इनक्युबेटरमध्ये 80 टक्के आर्द्रता असते, तेव्हा कडा सुटायला लागतात. प्रत्येक पाळीला बोटानं कड तपासा. चिकटपट्टी हातापायाभोवती पूर्ण गोल गुंडाळू नका. खालचा भाग सुजतो. यूव्हीसीच्या नाळेवर ड्रेसिंग लागत नाही, ती उघडी आणि कोरडी ठेवा, डायपर बेंबीखाली दुमडा.

अचानक कोसळलेलं बाळ

स्थिर चाललेलं बाळ एकदम निळं-पांढरं पडलं, ठोके 60-70 वर आले, व्हेंटिलेटर नीट चालू आहे, छातीत दोन्हीकडे हवा जातेय, आणि अंगात सेंट्रल लाइन आहे. इथे पहिला विचार हृदयाभोवती द्रव साचल्याचा करा. टोक अलिंदाच्या पातळ भिंतीला टेकलेलं असतं, तीव्र टीपीएन भिंतीला इजा करतं आणि भोक न पडताही पलीकडे झिरपतं. हे लाइन टाकल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत जास्त होतं, पण पुढेही होऊ शकतं.

काय करायचं: लाइनमधलं द्रावण लगेच बंद. पुनरुज्जीवन चालू ठेवा, वरिष्ठांना आणि इको मशीनला एकाच वेळी बोलवा. लाइनमधूनच सिरिंजनं द्रव मागे ओढून पाहा. टोक हृदयाच्या आवरणात गेलं असेल तर द्रव तिथूनच निघतो. बाळ हातातून जात असेल तर एक्स-रेची वाट न पाहता प्रशिक्षित माणसानं छातीच्या हाडाच्या टोकाखालून सुई घालून द्रव काढावा. द्रव दुधाळ निघाला किंवा ग्लुकोमीटरवर साखर भरमसाठ दिसली तर तो टीपीएनच. तो काढेपर्यंत ॲड्रेनलिनच्या डोसांचा फारसा उपयोग होत नाही, आणि काही मिली निघताच ठोके बहुतेक वेळा परत येतात. म्हणून या बाळाच्या जवळ सुई, थ्री-वे आणि सिरिंज कुठे आहेत हे पाळी घेतानाच बघून ठेवा.

हात सुजला, मान सुजली, श्वास वाढला आणि एका बाजूला छातीत द्रव दिसला तर तोही आधी लाइनचाच समजा. लाइनचा सांधा सुटणं किरकोळ मानू नका: 700 ग्रॅमच्या बाळात एकूण रक्त 60 मिलीच्या आसपास असतं, 6 मिली चादरीवर गेलं म्हणजे दहावा हिस्सा गेला. सांधे पांघरुणाखाली झाकू नका, नजरेसमोर ठेवा.

जंतुसंसर्ग

लाइन टाकून दोन दिवस उलटल्यानंतर बाळ मंद झालं, ॲप्निया (श्वास मधेच थांबणं) वाढला, साखर वर-खाली होऊ लागली, पोट फुगलं, तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी हातापायाच्या शिरेतून निदान 1 मिली रक्त कल्चरला पाठवा. आपल्याकडच्या विभागांत क्लेबसिएला, ॲसिनेटोबॅक्टरसारखे जंतू बरेच सापडतात. हे जंतू, स्टॅफ ऑरियस किंवा कँडिडा कल्चरमध्ये आले तर लाइन वाचवण्याच्या मागे लागू नका, काढा. कँडिडाच्या बाबतीत तर तासांचाही उशीर नको.

विभागाची स्थिती कळायची तर दर हजार लाइन-दिवसांमागे किती संसर्ग झाले ते काढा. रोज ठरलेल्या वेळी किती बाळांना लाइन आहे ते मोजा, महिन्याची बेरीज करा. 400 लाइन-दिवसांत 3 संसर्ग म्हणजे हजारी 7.5. हा आकडा सिस्टरांच्या टेबलासमोर सगळ्यांना दिसेल असा लावा.

काढताना

रोजच्या राउंडला प्रत्येक बाळापाशी मोठ्यानं विचारा: लाइन अजून हवी आहे का? दूध किलोमागे 100 ते 120 मिलीपर्यंत पोचलं की बहुतेक बाळांना ती लागत नाही. ‘उद्या बघू, राहू दे, पुन्हा शीर मिळणार नाही’ या वाक्यावर कित्येक लाइन चार दिवस जास्त राहतात.

पिक लाइन दर वेळी एक-एक सेंटिमीटर ओढत काढा. अडली तर थांबा. शिरेच्या वाटेवर कोमट शेक द्या, अर्ध्या तासानं पुन्हा बघा, गरज पडली तर दुसऱ्या दिवशी. जोरात ओढली तर ती तुटते. बाहेर आल्यावर लांबी मोजून टाकतानाच्या नोंदीशी ताडून पाहा. तुटलीच तर वरच्या बाजूला शिरेवर बोटानं दाबून धरा, हात हलवू नका, सर्जन आणि एक्स-रे बोलवा.

यूव्हीसी काढताना आधी द्रावण बंद करून क्लॅम्प लावा, टाका कापा, नळी सावकाश ओढा आणि शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर सर्वांत हळू काढा. रक्त आलं तर बेंबीच्या किंचित वर दाबा, कारण शीर तिथून वर जाते. नंतरचे काही तास बाळाला पालथं झोपवू नका आणि डायपर बेंबीखालीच ठेवा. पालथ्या बाळाच्या पोटाखाली साचलेलं रक्त पुढच्या डायपर बदलापर्यंत कुणाला दिसत नाही.